छपरावरचे दगड

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन चार दिवस झाले आणि काल दुपारपासून वारा सुटला आहे. म्हसावदकडच्या आमच्या या सपाटीवर त्याला अडवायला काहीच नाही. पिकं निघून शेतं उघडी पडलेली असतात, त्यांची माती उचलून तो थेट घरात येतो. ताटात माती, अंथरुणात माती, दातांखाली माती. बायका झाकपाक करून दमतात. लोक याला वावधन म्हणतात, चार शिव्या देतात आणि कामाला लागतात. एवढं निवांत राहणं त्यांना परवडतं, कारण आमची घरं धाब्याची. सागाच्या कड्या, त्यांवर काटक्यांचा थर आणि त्याच्यावर हातभर जाडीची चोपून बसवलेली माती. वाऱ्याला तिथे काय मिळणार? तो वरून निघून जातो आणि खालची माणसं दार लावून झोपा काढतात.

मी मात्र या दिवसांत दुपारी पाठ टेकत नाही. काठी घेतो आणि गावात फिरतो. कुणी गोठ्यावर पत्रे टाकले आहेत, कुणी पडवी काढली आहे, ते बघत जातो. उभा राहतो, मान वर करतो आणि नको ते बोलतो. गावातली पोरं मला मागून ‘दोरवाला मास्तर’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं पोरांना नावं ठेवण्यात गेली, आता त्यांनी मला ठेवलं तर तक्रार कुठे करायची?

दुसरी मोठी लढाई संपली तरी पत्रे अजून परमिटवर मिळतात. त्यामुळे ज्याला मिळाले तो राजा. शेजारच्या गल्लीतल्या एका तरुण शेतकऱ्याला आठ मिळाले. त्याने ते गोठ्यावर टाकले आणि मला मुद्दाम बोलावून दाखवले. छपरावर ओळीने काळे दगड मांडलेले होते.

“देखा मास्तर,” तो म्हणाला, “मनमनना दगडं ठेवी दिधात. आते वाराना बाप ऊना तरी हालनार नही.”

मला संताप अनावर झाला. मी त्याला म्हणालो, “उतार ते. आत्ताच्या आत्ता उतार.” त्याला वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं. त्याने मला घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं. गोठ्यात त्याच्या दोन म्हशी होत्या आणि मी त्या म्हशींकडे बघून रडायच्या बेताला आलो होतो. मग मी उठून घरी आलो आणि हे लिहायला बसलो. त्या पोराला तोंडाने सांगता आलं नाही, कागदावर तरी सांगता येतं का बघतो.

वीस-एक वर्षांपूर्वी माझी बदली नवापूरच्या पलीकडे डोंगरातल्या एका शाळेवर झाली. स्टेशनापासून बैलगाडीने जेमतेम अर्धा दिवस, पण माझ्यासाठी तो परदेश होता. घरं एकमेकांपासून लांब, प्रत्येक टेकाडावर एक. बोली मला कळत नव्हती. माझ्याबरोबर माझी बायको गोदा होती. दोन मुलं पोटातच गेली होती तिची, आणि तिसऱ्याची चाहूल लागलेली होती. निघताना आईने गोदाला सगळ्या सूचना दिल्या, आणि शेवटची मला दिली, की तिकडे कोणाच्या हातचं खाऊ-पिऊ नका, कोणाला चुलीपाशी येऊ देऊ नका. मी शहाण्यासारखी मान हलवली. सातवी पास, ट्रेनिंग झालेला, वर्गात पोरांना सगळी माणसं सारखी म्हणून शिकवणारा मी.

मास्तरसाठी गावाने एक घर बांधून ठेवलेलं होतं. कुडाच्या भिंती, शेणामातीने सारवलेल्या, आणि गवताचं छप्पर. ते गवत बघून माझी मान खाली गेली. धाब्याखाली वाढलेल्या माणसाला गवताखाली राहणं म्हणजे गोठ्यात राहणं. होळीच्या सुमारास मी सुरतेहून पत्रे मागवले, नवापूर स्टेशनावरून गाडीने आणले आणि एका सुताराला घेऊन छप्पर बदलायला काढलं. जुनं छप्पर उतरवायला आम्हांला दीड दिवस लागला, कारण ते सुटेना. जिथे बघावं तिथे बांधलेलं. आढ्याला वासे बांधलेले, वासे खांबाला बांधलेले, गवत कामट्यांना बांधलेलं, कामट्या वाशांना. शेवटी कंटाळून मी विळा घेतला आणि दोर कापत सुटलो.

शेजारच्या टेकाडावर याकोब राहायचा. त्याचं घराणं ख्रिस्ती झालेलं, दोन-चार एकर डोंगर-उताराची शेती, आणि हंगाम संपला की लाकूडतोडीच्या मजुरीला जाणं. माझ्याच वयाचा. तो येऊन अंगणात उभा राहिला आणि मी दोर कापताना बघत राहिला. तो माझ्याशी बाजाराच्या भाषेत बोले, आमची अहिराणी, गुजराती आणि त्याची बोली यांचं कालवण. सगळ्या जगाला तू म्हणे, साहेबालासुद्धा.

“मास्तर, हे छप्पर आम्ही साठ जणांनी बांधलेलं,” तो म्हणाला.

“गवत कुजलं होतं,” मी म्हणालो.

“गवत बदल ना. दोर कशाला कापतोस?”

मी हसलो. कापलेल्या दोरांचे तुकडे गोदाने चूल पेटवायला वापरले. पळसाच्या मुळ्यांचे दोर होते ते. महिनाभर पुरले.

सुताराने पत्रे चढवले, खिळे ठोकले. खिळे मारले तेही पन्हळीच्या खोलगट भागात, कारण तिथे हात लवकर बसतो. मग आम्ही दोघांनी ओढ्यातले गोटे आणून वर मांडले. आमच्याकडे शेतातल्या मांडवावर पत्रा टाकला तर दगड ठेवतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आणि त्याच्याही खाली, अगदी हाडात, एक समजूत बसलेली होती, की छप्पर टिकतं ते वजनाने. ज्याच्या डोक्यावर जन्मभर हातभर माती आहे, त्याला दुसरं काय वाटणार?

याकोब पुन्हा येऊन बघून गेला. म्हणाला, “मास्तर, वारा दाबत नाय. उपाडतो. तू दाबून काय करशील? बांध.”

आज मी गावभर जे सांगत फिरतो ते सगळं या चार वाक्यांत आहे. पोरांनो, वारा छपरावर येऊन आदळतो आणि खाली ढकलतो, असं आपल्याला वाटतं. तो तसं करत नाही. तो दारातून आत शिरतो आणि खालून पाठ लावतो, वरून सरकत जाताना छपराला ओढून घेतो. दोन्हीकडून एकच काम, उचलायचं. तेव्हा छप्पर वाशाला बांधा, वासा खांबाला बांधा, आणि खांब जमिनीला बांधा. जमिनीला म्हणजे कसा? खांबाच्या बुडाला आडवी खुंटी मारायची आणि मग तो कमरेइतक्या खड्ड्यात गाडायचा, की उपसायला गेलं तर ती खुंटी अडते. पत्र्याचे खिळे पन्हळीच्या उंचवट्यावर, डोक्याखाली चामड्याची चकती घालून. दोन पत्रे एकमेकांवर चढवताना जोडाचं तोंड वाऱ्याकडे नको. ज्या दिशेला वारा जातो, त्या टोकाकडून पत्रे मांडत उलटं यायचं, म्हणजे वाऱ्याला नख घालायला जागा मिळत नाही. वळचण वीतभर ठेवा, हातभर बाहेर काढाल तर ती वाऱ्याला दिलेली मूठ. आणि पत्र्याच्या वरून बांबूची जोडी घालून ती खालच्या वाशाशी आवळा. हे सगळं मला आता पाढ्यासारखं येतं. तेव्हा यातलं एक अक्षर येत नव्हतं, आणि ज्याला येत होतं तो माझ्या अंगणात उभा होता.

आखाजीला गोदा माहेरी जायची होती. सगळ्या जणी जातात. झोके बांधलेले असतात, गाणी असतात. सुट्ट्या लागल्या होत्या, मीही निघणार होतो. गाडी जुंपून दारात उभी, आणि गोदा उंबऱ्यात खाली बसली. तिच्या लुगड्याला रक्त लागलेलं होतं.

याकोबच्या आईला बोलावलं. त्या सगळ्या टेकाडांवरच्या बाळंतपणांना तीच जाई. ठेंगणी, हातांवर गोंदलेलं, माझ्याकडे न बघता सरळ आत गेली. तिची बोली मला कळेना. याकोबने दारातून सांगितलं, “माय बोलते, खाट सोडायची नाय. दोन महिने नाय. गाडीत घातली तर रस्त्यात जाईल. उठली तर पोर जाईल.”

मी गाडी सोडली. बैलांना दावणीला बांधलं. याकोबची आई गेल्यावर मी काय केलं तेही लिहितो, कारण ते लपवलं तर बाकीचं खरं लिहिण्याला अर्थ नाही. मी तांब्या घेतला आणि ती जिथे जिथे बसली होती तिथे पाणी शिंपडलं. गोदा खाटेवरून बघत होती. तिने तोंड भिंतीकडे केलं.

खाट घराच्या मधोमध होती. पश्चिमेकडची भिंत दुपारी तापायची म्हणून आम्ही ती तिथे ओढली होती. वर बरोबर पत्र्यांचा जोड. गोदा दिवसभर उताणी, आणि दिवसभर तिच्या डोळ्यांपुढे ते पत्रे. पत्रा तापला की तडतडे. खिळ्यांच्या भोकांतून उजेडाचे ठिपके खाली यायचे, दिवस चढेल तसे तिच्या अंगावरून सरकायचे. ते ती मला दाखवायची. पहिल्या दिवसांत हसायची सुद्धा.

मग वारा सुरू झाला. तो रोज येई, आणि रोज एकाच वेळेला. मधल्या प्रहरी सगळं थांबायचं. पान हलत नसे, कोंबड्या कुडाला चिकटून बसत. मग पश्चिमेच्या खिंडीत धुळीचा पडदा उठायचा, आणि पुढच्या क्षणी तो आमच्यावर. पहिल्या दिवशी पत्र्याचा एक कोपरा वाजला. फड, फड, थांबला. पुन्हा फड, फड. मी दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर जाऊन आणखी दगड आणले. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन पत्रे वाजले. मी आणखी दगड आणले. हे असं किती दिवस चाललं ते सांगता येणार नाही. मी मजूर लावायचा प्रयत्न केला. लोक म्हणाले, छपरासाठी इकडे मजुरी घेत नाहीत. छप्पर लाहाचं काम.

लाहा म्हणजे काय ते मला एव्हाना कळलं होतं. ज्याचं काम असेल त्याने सांगावा धाडायचा, सगळ्या टेकाडांवरची माणसं एका दिवशी येणार, काम उरकणार. पैसा नाही, उपकार नाही. उद्या दुसऱ्याच्या कामाला तुम्ही जायचं. एकच अट, ज्याचं काम त्याने सगळ्यांना आपल्या चुलीवरचं जेवण घालायचं, आणि त्यांच्याबरोबर बसून जेवायचं. त्यांच्या पंगतीत, त्यांच्या बायकांनी थापलेल्या भाकरी. तेवढंच मला नको होतं.

ओले दोर वाळायच्या आत आवळावे लागतात. वैशाखातलं ऊन, घटकाभरात दोर वाळून कडक होतो. म्हणून दोन्ही पाख्यांवर एकाच वेळी माणसं हवीत, या बाजूने दहा, त्या बाजूने दहा, आणि खाली वासे धरायला दहा. हे काम एकट्याचं नाही आणि दोघांचंही नाही. मी मनात सारखा हिशेब मांडायचो की मी, सुतार आणि याकोब मिळून कसं करता येईल. पुन्हा पुन्हा उत्तर तेच यायचं आणि मी पुन्हा ओढ्यावर जायचो.

एक दिवस एक दगड सुटला. घरंगळत गेला, पत्र्यावरून त्याचा आवाज असा आला की जणू वर कुणी धावतंय, आणि अंगणात पडला. माठ फुटला. मी बाहेर जाऊन आलो तेव्हा गोदाच्या कपाळावर घाम होता.

“आवो,” ती म्हणाली, “तो कोपराना दगड मन्हाकडे देखी ऱ्हायना.”

“कोनता?”

“सगळाच.”

मी तिला म्हणालो की मी ते सगळे घट्ट बसवून ठेवले आहेत. ती म्हणाली, “याकोबले सांगा ना. लाहा बलावा.”

मी टोपली घेतली, बाहेरची खापरं भरायला.

“त्या आपला घरमा जेवतीन, त काय व्हई? पीठ बाटस का?”

“मायले काय सांगू?” मी म्हणालो. मला अजून आठवतं, मी हे अगदी खऱ्या काळजीने म्हणालो होतो.

गोदा वर बघत होती. मग म्हणाली, “मायले सांगा, का सून जित्ती शे.”

माणसाला शरम वाटायला वेळ लागतो. मला आणखी तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी घरातलं जातं उचललं, त्याची खालची तळी वर चढवली आणि खाटेच्या बरोबर वरच्या जोडावर ठेवली. बायको खाली हलू शकत नाही, आणि नवरा तिच्या छातीच्या वर जात्याची तळी ठेवतो, तिला वाचवायला म्हणून. मी वेडा नव्हतो. मी घाबरलेलो होतो, आणि घाबरलेला माणूस आपल्याला जे येतं तेच पुन्हा पुन्हा, जास्त जोराने करतो.

चौथ्या दिवशी सकाळी गोदाने भाकरी ढकलून दिली. म्हणाली, भूक नाही, दगडांकडे बघून पोट भरतं. मी पायात वहाणा न घालताच याकोबच्या टेकाडावर गेलो. तो अंगणात कुऱ्हाडीचा दांडा तासत होता. मी म्हणालो, “याकोब, लाहा बोलाव.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. पाणी शिंपडलेलंसुद्धा ठाऊक असणार. मला वाटलं तो आता काहीतरी बोलेल, आणि बोलावं असंही वाटलं. तो म्हणाला, “मुळ्या खोदायला पायजे. कुटायला, वळायला. आज खोदतो. उद्या वळतो. परवा येतो सगळे.”

“उद्या नाही होणार?”

“दोर नाय तर काय बांधतो, मास्तर?”

त्याच्याजवळ जुने दोर नव्हते का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मग आठवलं की जुने दोर आम्ही चुलीत घातले होते.

मी घरी येऊन गोदाला सांगितलं. तिने दोन भाकरी खाल्ल्या. त्या दिवशी वारा आला, पण अर्ध्यावरून परत गेल्यासारखा गेला. संध्याकाळी आम्ही पिठाचं बोललो, डाळ किती लागेल ते बोललो. ती खाटेवरून बोटं दुमडत माणसं मोजत होती. म्हणाली, मुलगा झाला तर याकोबच्या आईला लुगडं, मुलगी झाली तरी लुगडं. किती दिवसांनी ती एवढं बोलत होती! टेकाडाकडून मुळ्या कुटल्याचा आवाज येत होता, धप, धप, एकसारखा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा आला.

मी दाराला अडसर लावला होता. मागच्या बाजूची झडप नीट बसत नव्हती, तिला पोतं लावलं होतं. पहिल्याच झटक्याला ते पोतं आत आलं, आणि त्याच्या मागून वारा आत आला. मग मी ते पाहिलं. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये एक उजेडाची रेघ उमटली. ती रुंद झाली. बाहेरचं आभाळ दिसलं, पिवळं. छप्पर वर जात होतं, दगडांसकट, तळीसकट, अगदी सावकाश. रेघ मिटली, आणि पुन्हा उघडली.

मी धान्याच्या कणगीवर चढलो आणि मधला वासा दोन्ही हातांनी धरून लोंबकळलो. माझं वजन ते काय, मास्तर माणसाचं! पाय सुटले आणि मी वर गेलो. मी खरंच वर गेलो, छपराबरोबर, आणि परत आलो, आणि पुन्हा गेलो. जात्याची तळी सरकल्याचा आवाज आला. मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही. तळी दोन पत्र्यांच्या मधून कलती झाली आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीत रुतली. आणि मग माझ्या पायांना मिठी बसली. गोदा उठली होती. तिने माझे दोन्ही पाय छातीशी धरले होते आणि ती खाली ओढत होती.

“झोप!” मी म्हणालो. “गोदे, झोप, खाली झोप!”

“सोडू नका,” ती म्हणाली. “मी धरेल शे. सोडू नका.”

ती माझ्यासाठी उठली की तळीला भिऊन उठली, हे मी तिला कधी विचारलं नाही. वर्गातल्या पोरांनी एक पाढा म्हणावा एवढाच वेळ हे चाललं असेल. मग वारा गेला. छप्पर धाडकन खाली बसलं, तिरकं. दोन पत्रे मोहाच्या झाडात जाऊन अडकले होते. बाकीचे जाग्यावर होते. आम्ही दोघं जमिनीवर बसलो, तोंडावर माती, आणि एकमेकांकडे बघून हसायला लागलो. उद्या लाहा होती. आजचा दिवस आम्ही काढला होता. मी हसत असताना तिने हात पोटावर ठेवला आणि तिचं हसणं थांबलं.

याकोबची आई धावत आली. दिवस मावळायच्या आत सगळं झालं. मुलगी होती. मला आत बोलावून दाखवली, ओंजळीत मावेल एवढी. तिने दोनदा तोंड उघडलं. मी वाट बघत राहिलो, पण तिसऱ्यांदा नाही उघडलं.

सकाळी याकोबने मोहाखाली खड्डा घेतला. मी पुरलं. लाहाचं माझ्या डोक्यातून पार गेलेलं होतं. हात धुऊन मी दारात येऊन बसलो, तर चारी बाजूंच्या पायवाटांनी माणसं उतरत होती. प्रत्येकाच्या खांद्यावर एक बांबू. बायकांच्या डोक्यावर पळसाच्या पानांच्या चवडी आणि ओल्या दोरांची वेटोळी. त्यांना कळलं होतं. डोंगरात कळायला वेळ लागत नाही. ते अंगणात उभे राहिले. मी उठलो आणि त्यांना परत पाठवायला तोंड उघडलं. काय राहिलं होतं आता बांधायचं?

आतून गोदाचा आवाज आला. “येऊ द्या.”

मग ते येऊन लागले कामाला. याकोबने टोपी काढून डोळे मिटले, दोन शब्द पुटपुटला. एका म्हाताऱ्याने त्याच्या देवासाठी चार दाणे टाकले. कुणी कुणाला अडवलं नाही. आधी सगळे दगड उतरवले. गोदा आत होती म्हणून एकेक दगड एका हातातून दुसऱ्या हातात देत खाली आणला, एकाचाही आवाज होऊ दिला नाही. खांबांच्या बुडाशी खणून खुंट्या मारल्या. झाडातले पत्रे काढून आणले, सरळ केले, पुन्हा मांडले, उलट्या टोकाकडून. बांबूच्या जोड्या वर गेल्या. आढ्यावर बसलेला म्हातारा लांब हेल काढून ‘हो’ म्हणे, आणि दोन्ही पाख्यांवरचे वीस जण एकदम दोर ओढत. वासा करकरे आणि गप्प होई. मीही एक दोर ओढला. माझ्या हाताची सालं गेली. उन्हं डोक्यावर यायच्या आत छप्पर बांधून झालं होतं. अर्धा दिवससुद्धा नाही.

आमच्या चुलीवर, आमच्या पिठाच्या, याकोबच्या आईने भाकरी केल्या. पहिली तिने गोदाच्या हातात दिली. गोदाने खाल्ली. मी अंगणातल्या पंगतीत बसलो, पानावर भाकरी आली, डाळ आली, आणि मी जेवलो. कुणी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. आईच्या कानावर हे पुढे गेलं. ती काय बोलली ते इथे लिहिण्यात अर्थ नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्या हंगामातलं सगळ्यात मोठं वावधन झालं. समोरच्या मोहाची एक फांदी मोडून अंगणात पडली. धुळीने भर दुपारी घरात अंधार झाला. मी सवयीने कणगीवर चढायला निघालो आणि मध्येच थांबलो. वर नुसतं गुणगुणल्यासारखं वाजत होतं. भिंतीवर उजेडाची रेघ उमटली नाही. वारा आला, बराच वेळ घरावरून जात राहिला, आणि गेला.

गोदा खाटेवर उताणी होती. डोळे छपराला लागलेले. इतके दिवस तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. आता ते कानशिलांवरून दोन्ही बाजूंना उशीवर उतरत होतं, आणि ती ते पुसत नव्हती.

“इतलंच व्हतं का?” तिने विचारलं.

मी वर पाहिलं. छप्पर जागच्या जागी होतं.